स्पिरिच्युअलिस्ट काय मानतात, आणि आपसात कुठे वेगळे होतात

एखादा माणूस स्वतःला स्पिरिच्युअलिस्ट म्हणवतो तेव्हा त्याच्याबद्दल खात्रीने दोनच गोष्टी सांगता येतात. एक, मेल्यावर माणूस संपत नाही. स्वभाव, आठवणी, नाती यांच्यासकट तोच माणूस म्हणून तो पुढे राहतो, असं तो मानतो. दोन, अशा मृत माणसाशी जिवंतांचा संपर्क होऊ शकतो आणि तो झाला की नाही हे तपासता येतं, असंही तो मानतो. एवढ्यावर त्याची ओळख संपते. देव आहे का, असला तर कसा, पुनर्जन्म होतो का, येशू कोण होता, नरक असतो का, माध्यमाने, म्हणजे ज्याच्यामार्फत हा संपर्क होतो त्या माणसाने, पैसे घ्यावेत का, यातलं काहीही गृहीत धरायचं नाही. या प्रत्येक प्रश्नावर एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले दोन स्पिरिच्युअलिस्ट उलट उत्तरं देतील, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटणार नाही.

ध्यान, साधना, मोक्ष या अर्थाचं अध्यात्म हा इथला विषय नाही. मी बोलतोय ते अमेरिकेत १८४८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ब्रिटन, फ्रान्स, ब्राझीलमध्ये रुजलेल्या परलोकविद्येच्या चळवळीबद्दल. तिच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक भुताखेतांच्या अंगाने किंवा थट्टेच्या अंगाने. आतली माणसं काय मानतात याकडे फार कोणी बघत नाही, आणि मला ते खटकतं. कारण या दाराशी येणारा माणूस बहुधा नुकतंच कोणीतरी गमावलेला असतो. त्याला नीट माहिती मिळायला हवी.

न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात ३१ मार्च १८४८ च्या रात्री फॉक्स कुटुंबाच्या घरात टकटक ऐकू आली. मॅगी सुमारे चौदा वर्षांची, केट अकरा-बारा वर्षांची. मुलींनी चुटक्या वाजवल्या की तेवढ्याच टकटकी परत येत. पुढे अक्षरं ओळीने म्हणत जायची आणि टकटक झाली की ते अक्षर लिहून घ्यायचं, अशी रीत बसली. १४ नोव्हेंबर १८४९ रोजी रॉचेस्टरच्या कॉरिंथियन हॉलमध्ये याचा जाहीर प्रयोग झाला. जमीन मात्र आधीच नांगरलेली होती. स्वीडनच्या इमॅन्युएल स्वीडनबोर्गने अठराव्या शतकातच परलोकाचं थरांथरांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. माणूस तिथे जातो तो जसा आहे तसाच, आणि आपल्यासारख्यांच्या संगतीत ओढला जातो, हा त्याचाच विचार. अँड्र्यू जॅक्सन डेव्हिस या परलोक दिसतो म्हणणाऱ्या अमेरिकन लेखकाचा मोठा ग्रंथ १८४७ मध्ये, म्हणजे टकटकीच्या आदल्या वर्षी आलेला.

टकटकीचा छडा लवकर लागला होता. १८५१ मध्ये बफेलोच्या डॉक्टरांनी बहिणींना पाय लांब करून, टाचा उशीवर टेकवून बसवलं. गुडघ्याला जोर मिळेना आणि आवाज थांबले. १८८८ मध्ये मॅगीने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून दाखवला आणि सगळी लबाडी होती असं सांगितलं. पुढच्याच वर्षी तिने तो कबुलीजबाब मागे घेतला. दोघी बहिणी दारूच्या व्यसनात आणि गरिबीत गेल्या, केट १८९२ मध्ये आणि मॅगी १८९३ मध्ये.

चळवळ यात बुडायला हवी होती असं बाहेरच्याला वाटतं. ती बुडाली नाही, कारण तोवर ती फॉक्स भगिनींवर उभीच नव्हती. घराघरांतून बैठका चालत होत्या. अमेरिकेच्या यादवी युद्धाने आणि नंतर पहिल्या महायुद्धाने लाखो घरांतली तरुण मुलं नेली. भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये रणांगणावर पडला. त्याच्याशी झालेल्या संवादांचं त्यांचं पुस्तक पुढच्याच वर्षी आलं आणि प्रचंड वाचलं गेलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रॉचेस्टरमध्ये फॉक्स बहिणींना पहिला आधार दिला तो एमी आणि आयझॅक पोस्ट यांनी. हे जोडपं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या वळणाचं, गुलामगिरीविरोधी, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारं. देव आणि माणूस यांच्यामध्ये पाद्री नको, प्रत्येकाच्या आत प्रकाश आहे, ही क्वेकरांची धारणा या चळवळीच्या हाडात गेली. म्हणूनच इथे कोणी कोणाला ‘हे मानलंच पाहिजे’ असं सांगत नाही.

ब्रिटनमधली सगळ्यांत मोठी संघटना म्हणजे स्पिरिच्युअलिस्ट्स नॅशनल युनियन. तिची सात तत्त्वं एमा हार्डिंज ब्रिटन या वक्त्या-माध्यम बाईंकडून आली. समाजसुधारक रॉबर्ट ओवेन १८५८ मध्ये वारले. त्यांच्या आत्म्याने १८७१ मध्ये ती आपल्यामार्फत दिली असं त्या सांगत. तत्त्वं अशी: ईश्वराचं पितृत्व, मानवाचं बंधुत्व, आत्म्यांशी संवाद आणि देवदूतांची सेवा, मानवी आत्म्याचं अखंड अस्तित्व, वैयक्तिक जबाबदारी, पृथ्वीवर केलेल्या बऱ्यावाईट कृत्यांची परलोकात भरपाई आणि प्रतिफळ, आणि प्रत्येक मानवी आत्म्याला खुली असलेली चिरंतन प्रगती. युनियन ही तत्त्वं स्वीकारते ती ‘अर्थ लावण्याच्या स्वातंत्र्यासह’. ही तळटीप नव्हे. सगळा डोलारा या तीन शब्दांवर उभा आहे.

पहिलंच तत्त्व घ्या. ‘ईश्वराचं पितृत्व’ वाचून एक जण प्रार्थनेला ओ देणारा, मायेचा देव समजतो. दुसरा म्हणतो, विश्वाचा नियम, एक आदिशक्ती, तिला माणसाचा चेहरा लावायची गरज नाही. तिसऱ्याला ‘पिता’ हा शब्दच जुनाट वाटतो. तिघेही सभासद. अमेरिकेत १८९३ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने तर आपल्या जाहीरनाम्यात पिता हा शब्दच घेतला नाही. तिथे ‘अनंत प्रज्ञा’ असं म्हटलं आहे. आज त्यांची नऊ तत्त्वं आहेत, पहिली सहा १८९९ मध्ये स्वीकारलेली. त्यांचा सूरही वेगळा: मृत म्हटल्या जाणाऱ्यांशी संवाद होतो ही वस्तुस्थिती असून ती विज्ञानाने सिद्ध झालेली आहे, असं पाचवं तत्त्व ठणकावून सांगतं. मला हे वाक्य पटत नाही. संवादाचा अनुभव येतो म्हणणं वेगळं आणि विज्ञानाने सिद्ध म्हणणं वेगळं. दुसऱ्या म्हणण्याला लागणारी सर्वमान्य सिद्धता अजून कोणी दिलेली नाही. ब्रिटिश तत्त्वांतली सावध भाषा जास्त टिकाऊ आहे.

पाचवं ब्रिटिश तत्त्व, वैयक्तिक जबाबदारी, वरवर साधा नीतिपाठ वाटतं. पण चर्चशी खरी ठिणगी तिथेच उडते. येशूने वधस्तंभावर माझ्या पापांचं मोल चुकवलं, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. स्पिरिच्युअलिस्ट म्हणतो, माझं देणं दुसरा कोणी फेडू शकत नाही. सहावं तत्त्व त्याला जोडून येतं: मेल्यावर कोणी न्यायाधीश बसलेला नसतो, आपण जसे घडलो त्याचा परिणाम आपोआप भोगतो. आणि सातवं म्हणतं, तो भोग कायमचा नाही. कितीही खाली गेलेल्या आत्म्याला वर येण्याची वाट कधीच बंद होत नाही. कायमचा नरक या एका वाक्यात संपतो. एकोणिसाव्या शतकात, बाप्तिस्मा न झालेलं तान्हं मूल गमावलेल्या आईला या वाक्याचा केवढा आधार वाटला असेल!

तिसऱ्या तत्त्वातल्या देवदूतांवर पुन्हा मतभेद. काहींच्या मते देवदूत ही वेगळी, कधीही मनुष्य नसलेली योनी. बहुतेकांच्या मते ते म्हणजे पुष्कळ पुढे गेलेले मानवी आत्मेच. ‘गाईड’ किंवा मार्गदर्शक आत्म्याबद्दलही असंच. कोणी म्हणतं, प्रत्येकाला जन्मापासून एक गाईड असतो. कोणी म्हणतं, कामाप्रमाणे गाईड बदलतात. काही अनुभवी माध्यमं तर मोकळेपणी मान्य करतात की गाईड हा आपल्याच मनाचा एक चेहरा असू शकतो, काम होतंय तोवर बिघडलं कुठे? नवशिक्यांचे गाईड फार करून एखादा आदिवासी सरदार, इजिप्तचा पुजारी किंवा तिबेटी लामा असतात, हे माहीत असलेलं बरं. सामान्य शिंपी किंवा मोलकरीण गाईड म्हणून क्वचितच येते. एवढ्या एकाच गोष्टीवरून कल्पनाशक्तीचा वाटा किती, याचा अंदाज येतो.

सगळ्यांत मोठा फाटा पुनर्जन्माचा. फ्रान्समध्ये इपोलित लेओं दनिझार रिवाय नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते, १८०४ मध्ये लिओंला जन्मलेले. त्यांनी आत्म्यांना विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं ‘अलां कार्देक’ या नावाने १८५७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या आवृत्तीत प्रश्न हजाराच्या वर गेले. या शाखेला स्पिरिटिझम म्हणतात. त्यांच्या मते आत्मा साधा आणि अजाण निर्माण होतो आणि पुन्हा पुन्हा देह घेऊन शिकत जातो. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, पण घाईने आपल्या साच्यात बसवू नये. कार्देकच्या मांडणीत मानवी आत्मा परत पशुयोनीत जात नाही. तो रेंगाळेल, घसरणार नाही. जन्ममरणातून सुटका हे ध्येय नसून पूर्णत्व हे ध्येय आहे. आणि आत्मा व देह यांच्यामध्ये ‘पेरिस्पिरिट’ नावाचं अर्धद्रव्य आवरण आहे, ज्याच्यामार्फत आत्मा माध्यमावर काम करतो.

इंग्रजी भाषेतल्या बऱ्याच स्पिरिच्युअलिस्टांना हे अजिबात रुचलं नाही. डॅनियल डंग्लस होम या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या माध्यमाने पुनर्जन्मावर जाहीर टीका केली. या विरोधकांची अडचण तर्काची आहे. आजी परत जन्मली असेल तर बैठकीत बोलतंय कोण? ‘तोच माणूस पुढे राहतो’ या मूळ दाव्यालाच धक्का बसतो. कार्देकवाद्यांचं उत्तर असं की दोन जन्मांच्या मध्ये आत्मा बराच काळ परलोकात असतो, तेव्हा बोलतो. आज ब्रिटनमध्ये अनेक स्पिरिच्युअलिस्ट वैयक्तिकरीत्या पुनर्जन्म मानतात, अनेक मानत नाहीत. सात तत्त्वं त्यावर गप्प आहेत.

कार्देकची पद्धत नीट बघण्यासारखी आहे. एकच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माध्यमांना विचारायचा आणि ज्यावर उत्तरं जुळतील तेवढंच शिकवण म्हणून घ्यायचं. मेला म्हणून कोणी शहाणा होत नाही, तेव्हा आत्म्याचं म्हणणंही पारखून घ्या, असंही ते बजावतात. हा विचार चांगला. त्यातली भेग अशी की सगळी माध्यमं तीच पुस्तकं वाचू लागली की उत्तरं जुळणारच. तेव्हा जुळणी हा पुरावा राहत नाही.

हा पंथ फ्रान्समध्ये ओसरला आणि ब्राझीलमध्ये फोफावला. २०१० च्या जनगणनेत तिथे सुमारे ३८ लाख लोकांनी आपला धर्म स्पिरिटिस्ट असा नोंदवला. तिथल्या केंद्रांत वेदी नाही, मेणबत्त्या नाहीत, पुरोहित नाही. एक वाचन होतं, त्यावर व्याख्यान होतं, मग ‘पास’ दिला जातो: बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून थोड्या अंतरावर, स्पर्श न करता, काही मिनिटं हात धरायचे आणि मनात प्रार्थना करायची. जाताना प्रार्थनेने भारलेलं पाणी. त्रास देणाऱ्या आत्म्यांना समजावण्याची बैठक वेगळी आणि बंद दाराआड होते. नवख्यांना तिथे प्रवेश नसतो. घरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासाच्या आत संपणारं वाचन आणि प्रार्थना करायची. कशाचेही पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम कडक. तिथले प्रसिद्ध माध्यम शिकू शाविएर (१९१०–२००२) यांनी आत्म्यांच्या नावे चारशेहून जास्त पुस्तकं लिहिली आणि त्यांचं मानधन दान केलं. मुलं गमावलेल्या आईवडिलांसाठी त्यांनी लिहिलेली पत्रं तर इतकी मानली गेली की १९७९ मध्ये गोयास राज्यात खुनाच्या आरोपातून एका तरुणाची सुटका करताना न्यायाधीशाने मृत मित्राच्या नावे आलेलं असं पत्र विचारात घेतलं. न्यायालयाने असं करावं का, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नये. ज्याची उलटतपासणी घेता येत नाही तो साक्षीदार नव्हे.

बाकीचे फाटे थोडक्यात. ख्रिस्ती स्पिरिच्युअलिस्ट येशूचं नेतृत्व मानतात आणि बायबल वाचतात. ब्रिटनमध्ये त्यांची वेगळी संघटना १९३१ पासून आहे. ब्राझीलची उंबांदा ही आफ्रिकी परंपरा, कॅथलिक संत आणि कार्देक यांच्या मिसळणीतून आली. तिथे ढोल, तंबाखूचा धूर, अंगात येणं हे सगळं आहे, आणि कट्टर कार्देकवादी तिला आपली म्हणत नाहीत. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्पिरिच्युअलिस्टांच्याच वर्तुळातून निघाली, पण तिच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंचं म्हणणं असं की बैठकीत येतो तो माणूस नसून त्याने मागे टाकलेलं रिकामं कवच असतं. म्हणजे घटना खरी, अर्थ उलटा.

आता प्रत्यक्ष काय करतात ते.

घरगुती बैठकीला चार ते आठ माणसं पुरतात. तोच वार, तीच वेळ, शक्यतो त्याच खुर्च्या. पोटभर जेवून किंवा दारू पिऊन बसायचं नाही. फोन खोलीबाहेर. दिवा मंद, कारण डोळे मिटून बसणं सोपं जातं. काळोखाची गरज नाही. छोट्या प्रार्थनेने सुरुवात, मग दहा-पंधरा मिनिटं पूर्ण शांतता. त्यानंतर ज्याला जे दिसलं, ऐकू आलं, जाणवलं ते त्याने सांगायचं आणि एकाने लिहून घ्यायचं. तास-दीड तासात प्रार्थनेने बैठक बंद. ‘बंद करणं’ ही पायरी अनुभवी लोक कधीच गाळत नाहीत: दिवे लावतात, पाणी पितात, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, म्हणजे मन रोजच्या जागी येतं. माध्यम तयार व्हायला वर्षं लागतात. आठवड्याच्या शिबिरात माध्यम बनवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

बिघडतं ते बहुधा माणसांमुळे. गटप्रमुखाला खूश करायला सगळे त्याच्यासारखंच बघू लागतात. एक बोलका सभासद प्रत्येक शांततेत काहीतरी सांगत राहतो आणि बाकीचे त्याच्या चित्रात रंग भरतात. नुकतंच दुःख झालेला माणूस गटात असला की सगळ्यांचे संदेश त्याच्याभोवती फिरू लागतात, तेही मायेपोटी. आवाज ऐकू येण्याचा किंवा भ्रमांचा मानसिक आजार असलेल्याला अशा बैठकीत बसवूच नये; त्याला डॉक्टर हवा.

टेबल हलणं, प्लँचेट, उईजा बोर्ड यांबद्दल मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्ये केलेला प्रयोग माहीत असायलाच हवा. त्यांनी पुठ्ठ्याचे अनेक तुकडे मऊ, चिकट लुकणाने एकावर एक बसवले, सर्वांत खालचा टेबलाला टेकलेला, सर्वांत वरच्यावर बसणाऱ्यांचे हात. टेबलाने हात ओढले असते तर खालचे पुठ्ठे जास्त सरकले असते. सरकले वरचे जास्त. हात पुढे, टेबल मागे. मग त्यांनी दोन फळ्यांमध्ये काचेच्या नळ्या घालून एक हलका काटा जोडला. हात जरासा जरी बाजूला रेटला गेला तरी काटा कलायचा. बसणाऱ्यांना काटा दिसू लागला आणि टेबल हलायचं थांबलं. त्यांच्यातला कोणीच लबाड नव्हता. आपले स्नायू आपल्या नकळत अपेक्षेप्रमाणे हलतात, एवढंच. घरी बघायचं असेल तर प्लँचेटवर बोट ठेवणाऱ्या सगळ्यांचे डोळे बांधा आणि बोर्ड गुपचूप फिरवा. प्लँचेट अक्षरं सोडून आधीच्या जागांकडे जाऊ लागेल.

शारीरिक चमत्कारांची, म्हणजे हवेतल्या आवाजांची, उजळणाऱ्या आकृत्यांची, माध्यमाच्या तोंडातून निघणाऱ्या एक्टोप्लाझम नावाच्या कथित द्रव्याची हकीकत बहुतेक ठिकाणी फसवणुकीपाशीच संपते. हेलन डंकन या स्कॉटिश माध्यमाचं एक्टोप्लाझम हॅरी प्राइस या अशा चमत्कारांच्या तपासनीसांनी १९३१ मध्ये तपासलं. ते जाळीदार सुती कापड, गिळून पुन्हा बाहेर काढलेलं, असा त्यांचा निष्कर्ष. १९४४ मध्ये डंकनबाईंना नऊ महिन्यांची शिक्षा झाली ती १७३५ च्या चेटूकविरोधी कायद्याखाली. तो कायदा चेटकाला शिक्षा देत नव्हता, चेटकाचं सोंग करण्याला देत होता. स्पिरिच्युअलिस्टांनी हा आपल्या धर्मावरचा घाला मानला आणि १९५१ मध्ये तो जाऊन फक्त फसव्या माध्यमांसाठीचा कायदा आला. तोही २००८ मध्ये रद्द झाला. आता ब्रिटनमध्ये पैसे घेऊन होणाऱ्या सिटिंगला, म्हणजे माध्यमाबरोबरच्या खासगी बैठकीला, ग्राहक संरक्षणाचे नियम लागतात.

आजचं मुख्य काम मानसिक माध्यमाचं. ब्रिटनमधल्या स्पिरिच्युअलिस्ट चर्चमध्ये रविवारी प्रार्थना, भजनं, एक वाचन, तत्त्वज्ञानावर छोटं भाषण आणि मग अर्धा-पाऊण तास प्रात्यक्षिक, असा क्रम असतो. हात ठेवून उपचार वेगळ्या वेळी होतात. तिथला नियम सरळ आहे: उपचारकाने परवानगी घेऊन हात ठेवावेत, निदान करू नये, डॉक्टरचं औषध थांबवायला सांगू नये. हा नियम मोडणारा उपचारक कितीही प्रेमळ असला तरी उठून निघावं.

प्रात्यक्षिकात चांगला संदेश कसा असावा याची शिकवणीतली पायरी अशी. आधी बोलणारा कोण ते ठरवायचं: पुरुष की बाई, कोणत्या पिढीतला, नातं काय, गेला कसा. मग त्याचाच वाटेल असा पुरावा: स्वभाव, सवय, एखादी घटना. मग तो आत्ता का आला. शेवटी राहिलेले सुटे तुकडे जोडायचे. संदेश पुराव्यानंतरच येतो, पुरावा नसेल तर संदेशाला किंमत नाही. ‘ती तुमच्यावर खूप प्रेम करते’ हे पुराव्याशिवाय आलं तर ते कोणालाही लागू पडतं. ‘तो डावखुरा होता, घड्याळ उलट्या मनगटावर बांधायचा आणि शेवटच्या दिवसांत भावाशी बोलत नव्हता’ हे बहुतेकांना लागू पडत नाही, म्हणून तपासण्याजोगं.

माध्यमं फसतात ती जाणूनबुजूनच असं नाही. समोरच्याचा श्वास, मान, डोळे वाचत वाचत अंदाज सुधारत जाणं हे नकळतही होतं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर वाटला. ते आपल्याला किती लागू पडतं याला विद्यार्थ्यांनी पाचापैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. दुःखात असलेला माणूस त्याहून उदार असतो.

माध्यमाकडे जायचंच असेल तर मृत्यूनंतर काही महिने जाऊ द्यावेत. स्वतःचं पूर्ण नाव आधी देऊ नये. समाजमाध्यमांवरून घरादाराची माहिती मिनिटांत निघते. बोलताना ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढंच. ‘हो, ते माझे काका असतील, त्यांना दमा होता’ असं म्हटलं की पुढचा अर्धा तास तुमचीच माहिती तुम्हाला परत मिळते. रेकॉर्डिंगची परवानगी मागावी. शाप आहे, बाधा आहे, काढायला जास्तीचे पैसे लागतील, असं ऐकू आलं तर समोरचा माणूस स्पिरिच्युअलिझमच्या कोणत्याही मान्य शिकवणीतलं बोलत नाही.

आणि कोणाची वैयक्तिक श्रद्धा समजून घ्यायची असेल तर ‘तुम्ही आत्मे मानता का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. विचारावं ते असं: बोलणारा खरोखर तोच माणूस असतो की त्याच्या आठवणींचा ठसा? माध्यमाला मिळालेली बरोबर माहिती समोरच्याच्या मनातून आली नसेल कशावरून? या दुसऱ्या प्रश्नाने जुन्या संशोधकांना इतकं छळलं की त्यांनी बदली बैठका सुरू केल्या: मृताला न ओळखणारा कोणीतरी नातेवाइकाच्या वतीने जायचा. इंग्लंडमध्ये ग्लॅडिस ऑस्बोर्न लेनर्ड या माध्यमाकडे चार्ल्स ड्रेटन टॉमस या धर्मोपदेशकाने अशा पुष्कळ बैठका केल्या. त्यातूनही सगळ्यांची खात्री पटली नाही, पण प्रश्न विचारायची ती रीत योग्य होती.

स्वतःच्या सिटिंगची परीक्षा याच धर्तीवर करता येते. रेकॉर्डिंग ऐकून प्रत्येक विधान वेगळ्या ओळीत लिहा, फुसकी विधानंही गाळू नका. प्रत्येकापुढे बरोबर, चूक किंवा सांगता येत नाही असं लिहा. बरोबर असलेल्यांपैकी इंटरनेटवर किंवा निधनवार्तेत सापडण्याजोगी विधानं खोडा. मग नावं काढून तोच कागद तुमच्याच वयाच्या, तुमच्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या कोणाला द्या आणि त्यालाही तसंच भरायला सांगा. दोघांचे ‘बरोबर’ सारखेच निघाले तर संदेश तुमच्यासाठी नव्हता. तुमचे बरेच जास्त निघाले तर ते का, यावर डोकं लावण्यासारखं काहीतरी हाती आहे. कागद त्याच दिवशी भरा. उशीर केला तर चुकलेली विधानं आठवणीतून सगळ्यांत आधी गळतात.